सत्याचें मोल : रेव्हरंड नारायण वामन टिळक

खरें बोलावें, हें आम्हां सर्वांस पहिल्या इयत्तेपासून शिकविलें जातें. परंतु जें आपणांस अंतःकरणापासून खरें वाटूं लागलें, तें चार लोकांदेखत पत्करावयाचें म्हटलें म्हणजे काय काय गमवावें लागतें, हें क्रमिक पुस्तकांवरून सहसा कळत नाहीं. तें कळावें म्हणून आम्ही यंदा कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. टिळकांचा जन्म कोंकणांतला आणि मृत्यु मुंबईचा. तथापि त्यांच्या आयुष्याचा ऐन कर्तृत्वाचा काळ ज्या नगर जिल्ह्यांत गेला, त्यास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांना आपले म्हणण्याचा पुरा अधिकार आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें ता. 6 डिसेंबर 1861 रोजीं एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत ते जन्मले. आईवर त्यांचें विलक्षण प्रेम होतें. वडिलांचा स्वभाव मात्र कडक. आई वारल्यावर लहान वयांतच ते घर सोडून नाशिकास आले व गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूर गांवच्या गोखल्यांच्या मुलीशीं त्यांचा विवाह 1880 च्या सुमारास झाला. ह्याच पुढें महाराष्ट्रास सुपरिचित झालेल्या लक्ष्मीबाई टिळक.

त्यानंतरचीं वर्षें भटकंतीचीं आहेत. आज येथें शिक्षक, उद्यां तेथें कीर्तनकार, असें चाललें होतें. नागपुरास ते श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम करीत व ‘ऋषि’ नांवाचें मासिकहि चालवीत. संसाराची ही आबाळ पाहून कोणी त्यांस चंचल म्हणेल, आणि पैशाच्या व्यवहारांत ते खरोखरच बेफिकीर होते. पण मनांतून ते एकाच गोष्टीच्या मागें लागले होते. जातिभेद ईश्वरानें केला असेल, हें त्यांच्या बुद्धीस पटेना. एकच ईश्वर व सर्व माणसें परस्परांचीं भावंडें, अशा तत्त्वांवर आपणच एखादा नवा धर्म स्थापावा, इथपर्यंत त्यांच्या विचारांची मजल गेली होती.

अशा मनःस्थितींत 1893 च्या सुमारास ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले असतां डब्यांत एका युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. संस्कृत काव्यापासून धर्मापर्यंत बोलणें झालें. उतरतांना त्या गृहस्थानें नव्या कराराची एक प्रत त्यांस दिली व दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकितहि केलें. टिळकांस तें बोलणें फारसें रुचलें नाहीं. तरी पुस्तक वाचण्याचें वचन त्यांनीं दिलें होतें, आणि दिलें वचन पाळावयाचें म्हणून ते वाचावयास बसले. डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर तें पुस्तक त्यांच्यानें खालीं ठेववेना. पुढच्या सर्व घडामोडींचें मूळ दिलेला शब्द पाळण्याच्या या साध्या संवयींत आहे, असें आम्हांस वाटतें.

मनानें ख्रिस्ताचें शिष्यत्व पत्करूनहि बाहेरून पूर्ववत् राहणें त्यांस अशक्य नव्हतें. तसें करणारे त्या काळीं पुष्कळ होते. परंतु आंत एक व बाहेर एक, असें जिणें त्यांस सोसेना. ता. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि एका दिवसांत आप्त, इष्टमित्र व जात यांस ते अंतरले.

येथें एका गोष्टीकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. त्या सत्याची किंमत टिळकांनीं एकट्यानें दिली नाहीं. बातमी आली तेव्हां लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरीं दत्तू हा लहान मुलगा. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. शोकानें त्यांचें मन व शरीर दोन्ही खचलीं. पुढें कित्येक दिवस त्या पंढरपुरास आप्तांच्या आश्रयानें राहिल्या. हें दुःख ज्या माणसानें दिलें तो सत्यनिष्ठ होता, एवढें म्हणून तें दुःख कमी होत नाहीं, आणि आम्हीहि तें कमी करूं इच्छीत नाहीं.

मात्र त्यानंतर टिळक कसे वागले, हें पाहण्याजोगें आहे. त्यांनीं दुसरा संसार मांडला नाहीं. पत्रें पाठविणें सोडलें नाहीं. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्या आपलें सोंवळेंओंवळें घेऊनच आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळें. टिळकांनीं तें सर्व चालूं दिलें. आपल्या समाधानासाठीं पत्नीनें न पटलेल्या गोष्टीस होकार द्यावा, अशी त्यांची मागणी नव्हती. तसा होकार खोटा ठरला असता. पुढें लक्ष्मीबाईच एके दिवशीं विचार करूं लागल्या कीं, पशुपक्ष्यांत दिसतात तसे देवानें केलेले भेद माणसामाणसांत कोठें आहेत? उत्तर सांपडलें त्या दिवसापासून त्यांचें सोंवळें सुटलें. 1900 सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

नगरास अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणशाळेंत टिळक शिकवीत. 1904 सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे आलें, हें पत्र नगरासच 1842 त निघालें होतें. 1907 च्या जळगांव येथील कविसंमेलनांत ठोंबरे नांवाचा एक कोंवळा कवि त्यांनीं पाहिला व पुढें त्यास नगरास स्वतःच्या घरीं ठेवून घेतलें. तोच बालकवि. परंतु प्रामाणिकपणाच्या दृष्टीनें आम्हांस दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती झालों म्हणून आपण परदेशी झालों, असें त्यांनीं कधीं भासविलें नाहीं. अभंग, ओंवी, कीर्तन हींच त्यांच्या भक्तीचीं वाहनें राहिलीं, आणि तुकोबांविषयींचें आपलें ऋण त्यांनीं मिशनरी मंडळींपुढेंहि उघडपणें मान्य केलें. पूर्वीच्या जातभाईंस एक आणि नव्या सहकाऱ्यांस दुसरें, असें दुहेरी बोलणें त्यांच्या तोंडीं नव्हतें. त्यामुळें दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर अधूनमधून रुष्ट होत.

1917 सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आंतबाहेर, त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांस त्यांत जागा होती. ही कल्पना रुजण्यापूर्वींच ता. 9 मे 1919 रोजीं त्यांचें मुंबईस देहावसान झालें.

‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचे थोडेच अध्याय पुरे झाले होते. पुढचे बहुतेक लक्ष्मीबाईंनीं लिहिले. त्यांस शाळा अशी कधीं मिळालीच नव्हती; अक्षरओळख पतीनेंच करून दिलेली. त्याच लेखणीनें पुढें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. त्यांत टिळकांची भक्ति आहे, औदार्य आहे. तसाच त्यांचा तापट स्वभाव आहे, उधळेपणा आहे आणि 1895 चा तो घावहि आहे. यांतलें कांहींच लक्ष्मीबाईंनीं झांकलें नाहीं.