शेठ वालचंद हिराचंद

बदलापूर ह्या गावाच्या नावाविषयी वडीलधारी मंडळी एक कथा सांगत आली आहेत. पूर्वी कोकण आणि देश यांच्यामध्ये जा-ये करणारे स्वार येथे थकलेले घोडे सोडीत आणि ताजे घोडे घेऊन पुढे जात. घोडे बदलावयाचे ठिकाण, म्हणून बदलापूर. ही कथा इतिहासाला कितपत धरून आहे, ह्या वादात आम्ही पडत नाही. परंतु उल्हासनगराहून अंबरनाथावरून बदलापुराकडे येताना एखाद्या मिस्त्र्याच्या दुकानी क्षणभर उभे राहिले, तर घोडे बदलण्याचा तो जुना व्यवहार आजही निराळ्या रूपाने चाललेला दिसतो. आता बदलतात ती मोटारीची एंजिने.

एखादी जुनी डॉज किंवा फार्गो जातीची माल वाहणारी लहान गाडी अशा दुकानी येते. तिचे वय सत्तरीच्या घरात असते. मिस्त्री चेन-पुली लावून तिचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल-एंजिन उचलून काढतो व सुटे करतो. पिस्टनाच्या रिंगा जेथवर पोहोचतात तेथे, म्हणजे सिलिंडराच्या वरच्या भागी, झीज अधिक झालेली असते. ती घालवावयाची तर सिलिंडर वीस किंवा चाळीस हजारांश इंच मोठा बोअर करावा लागतो आणि त्या मापाचे पिस्टन व रिंगा घालाव्या लागतात. क्रँक घासून गोल करावा लागतो, त्यास नवी बेअरिंगे द्यावी लागतात आणि व्हॉल्व्ह आपापल्या बैठकीवर घोटून बसवावे लागतात. ह्यास एंजिन बांधणे म्हणतात. हे काम कसबाचे खरे. पण सुटे भाग मिळेनासे झाले की कसबाचा इलाज चालत नाही. मग मालक डिझेल-एंजिन बसविण्याचे ठरवितो. ते वजनाने जड असल्याने पुढच्या कमानीत एक पाटा वाढवावा लागतो, चेसिसवर नव्या बैठकी जोडाव्या लागतात, गिअरबॉक्साशी सांधा जुळविण्यासाठी पोलादी पत्रा कापून घ्यावा लागतो. डिझेल-एंजिनाचे फेरे कमी, म्हणून गाडीचा वेगही उतरतो. शेवटी सरकारी नोंदणीपुस्तकात एंजिनाचा नवा क्रमांक चढवून घ्यावयाचा, तो वेगळाच.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे की, अशा कित्येक गाड्या ज्या कारखान्यातून बाहेर पडल्या तो आपल्याच लोहमार्गावर कुर्ल्यास होता, आणि तो उभारणाऱ्या पुरुषाने ह्याच एका प्रश्नासाठी आयुष्याची शेवटची चौदा वर्षे झुंज दिली. वाटेल ते एंजिन उघडून पुन्हा बांधणारे मिस्त्री ज्या देशात गावोगाव आहेत, त्या देशाने एंजिन मात्र बोटीने येणाऱ्या खोक्यांतून का घ्यावे, हा तो प्रश्न होय. त्या पुरुषाचे नाव शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरास झाला. घराणे गुजराथी दिगंबर जैनांचे, धंदा सावकारीचा व कापसाचा. आई लहानपणीच वारली. शालेय शिक्षण आटोपल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांनी काही काळ अध्ययन केले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच घरच्या धंद्याने त्यांना परत बोलाविले. त्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत पडलेले लक्ष्मणराव फाटक नावाचे गृहस्थ त्यांना भेटले आणि दोघांनी भागी केली. बार्शी लाइट रेल्वेचा एक तुकडा बांधण्याचे काम हे त्यांचे पहिले मोठे काम. मराठी ब्राह्मण कारकून आणि गुजराथी जैन सावकाराचा मुलगा यांची ही जोडी त्या काळी अनेकांस विचित्र वाटली असावी.

पुढे त्यांची कंपनी टाटांच्या बांधकाम-कंपनीत सामील झाली. बदलापुराहून कर्जतमार्गे पुण्यास जाताना गाडी बोरघाटात शिरली की बोगद्यांमागून बोगदे लागतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जो नवा मार्ग तेथे खोदला गेला, त्याचे बोगदे वालचंदांच्या माणसांनी पाडलेले आहेत. आमचे विद्यार्थी सहलीस जाताना त्या अंधारात आरोळ्या ठोकतात. पुढच्या वेळी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणाऱ्या नळांचे कामही त्यांनी केले.

परंतु खडक फोडून पैसा मिळविणे एवढ्यावर समाधान मानण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची लॉयल्टी नावाची आगबोट विक्रीस निघाल्याचे त्यांना कळले. ही बोट १८९१ सालची. आधी ती एम्प्रेस ऑफ इंडिया ह्या नावाने प्रशांत महासागरात चालत असे आणि पहिल्या महायुद्धात तिचे तरते इस्पितळ केले होते. अठ्ठावीस वर्षांची बोट विकत घेणे म्हणजे जुनी मोटार घेण्यासारखेच. आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्यासह ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली व स्वतः वालचंद तिच्यावर होते. तो दिवस भारतात आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

बोटीला मात्र यश आले नाही. १९२३ साली ती मोडीत निघाली. लॉर्ड इंचकेप यांच्या इंग्रज कंपन्यांनी भाडे उतरवून सिंदियाला जेरीस आणले आणि त्याच वर्षी वालचंदांच्या कंपनीस एका करारावर सही करणे भाग पडले. दहा वर्षे परदेशी मार्गांवर जावयाचे नाही, उतारू घ्यावयाचे नाहीत, जहाजेही ठराविकाहून अधिक ठेवावयाची नाहीत, अशा त्याच्या अटी होत्या. काहींनी ह्यास शरणागती म्हटले. आमच्या मते कंपनी जिवंत राहिली हेच पुष्कळ झाले. बुडालेल्या स्वदेशी बोट-कंपन्यांची यादी त्या वेळी लांबलचक होती. १९२९ साली नरोत्तम मोरारजी मोटार-अपघातात वारले व कंपनीची धुरा वालचंदांवर आली.

आता मोटारीकडे वळू. त्या काळी हिंदुस्थानात मोटार बनत नसे, ती जोडली जात असे. जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत जोडणीचा कारखाना काढला होता. परदेशाहून खोकी यावयाची, ती उघडून येथील कामगारांनी बोल्ट आवळावयाचे, आणि गाडी रस्त्यावर. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे स्वदेशी मोटार-कारखान्याची योजना घेऊन कित्येक वर्षे फिरत होते. वालचंदांनी ती उचलली. मुंबई इलाख्यातील बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अनुकूल होते. परंतु १९३९ च्या नोव्हेंबरात त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व तो आधार गेला. वालचंद अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी बोलणे फिसकटले. क्रायस्लर कंपनीशी मात्र १९४० साली करार झाला. डॉज, डी सोटो, प्लिमथ व फार्गो ही सारी ह्याच कंपनीची अपत्ये होत.

अमेरिकेच्या ह्याच प्रवासातून परतताना विमानात त्यांची पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालविणारा हा मनुष्य. मोटारीसाठी गेलेल्या वालचंदांनी विमानाचाही बेत करून टाकला! म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली, आणि १९४२ साली युद्धाच्या कारणास्तव सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणच्या गोदीची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. तेथे बांधलेले जलउषा हे जहाज १९४८ साली पंडित नेहरूंनी पाण्यात सोडले. एका माणसाने दोन वर्षांत मोटार, विमान व जहाज ही तिन्ही कामे अंगावर घ्यावीत, ह्यास धाडस म्हणावे की अविचार, हे वाचकांनी ठरवावे. भांडवल नेहमी त्यांच्या बेतांच्या मागून धापा टाकीत येत असे, हे त्यांचे चाहतेही नाकारणार नाहीत. शिवाय, सरकारशी भांडावयाचे आणि सरकारकडेच साहाय्य मागावयाचे, हा आक्षेप त्यांच्यावर आला आणि तो अगदीच खोटा नव्हता.

विमानाला परवानगी देणाऱ्या सरकारने मोटारीला मात्र दिली नाही. मोटार-कारखाना युद्धास आवश्यक नाही, असे त्याचे म्हणणे होते. युद्ध मोटारींवर चालले असता हे उत्तर मिळावे, ह्याचे आम्हास आजही नवल वाटते. आपल्या परिसरातच कल्याणची लष्करी छावणी होती. युद्धानंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित बांधवांनी तिच्या बराकींत संसार थाटले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले.

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची नोंदणी झाली, आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. वालचंदांचे वय तेव्हा पासष्टीला आले होते. ह्या गाड्याही आरंभी खोक्यांतूनच आल्या, हे सांगितले पाहिजे. फरक हेतूत होता. आज जोडणी, उद्या एकेक भाग येथे बनवावयाचा आणि शेवटी एंजिनाचे ओतकाम येथेच करावयाचे, असा क्रम त्यांनी आखला होता. परदेशी जोडणीवाल्यांस असा क्रमच नव्हता.

तो क्रम पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९४९ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. १९५० साली त्यांनी सर्व कारभारातून अंग काढून घेतले. त्यानंतर त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजराथेत सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्याच वर्षी भारत सरकारने असे ठरविले की, ज्यांच्यापाशी येथे भाग बनविण्याचा आराखडा आहे त्यांनीच मोटारीच्या धंद्यात राहावे. नुसती जोडणी करणाऱ्यांनी आवरते घ्यावे. जनरल मोटर्सने पुढच्या वर्षी मुंबईतील जोडणी बंद केली. कुर्ल्याचा कारखाना चालू राहिला. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तेथे जी लहान गाडी बनू लागली, तीच पुढे पद्मिनी ह्या नावाने २००० सालापर्यंत निघत होती, आणि मुंबईच्या रस्त्यांवरची तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.