आर्तुसींची वही आणि आपली चूल

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या हद्दीत विसाव्याला थांबणाऱ्या प्रवाशाला पिझ्झा मिळण्यास आज अडचण पडत नाही. कर्जतच्या आसपास शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या विश्रामगृहांतही पास्त्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. या परकीय पदार्थांविषयी आकस बाळगण्याचे कारण नाही. ज्या बटाटेवड्यासाठी कर्जत स्थानक प्रसिद्ध आहे, त्यातील बटाटा आणि मिरची या दोन्ही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्याच. प्रश्न निराळा आहे. इटलीतील एखाद्या आडगावच्या पदार्थाला जगभर नाव आणि किंमत लाभते. उलट पहिल्या पावसाबरोबर आपल्या डोंगरउतारावर उगवणाऱ्या शेवळाच्या भाजीला तिच्याच तालुक्यातील उपाहारगृहात सहसा जागा मिळत नाही. हे का घडावे? चवीच्या श्रेष्ठत्वात याचे उत्तर सापडत नाही. ते पुष्कळ अंशी नोंद ठेवण्याच्या सवयीत सापडते, आणि त्या दृष्टीने पेल्लेग्रिनो आर्तुसी या इटालियन गृहस्थांचे चरित्र आपल्याला उद्‌बोधक ठरावे.

आर्तुसी हे आचारी नव्हते. रोमान्या प्रांतातील फोर्लिम्पोपोली या छोट्या गावी ४ ऑगस्ट १८२० रोजी एका सुखवस्तू व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्या काळी इटली नावाचे राष्ट्र अस्तित्वात नव्हते. हा प्रदेश पोपच्या राज्यात मोडत असे. बेर्तिनोरो येथील धर्मशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे ते वडिलांच्या व्यापारात शिरले. २५ जानेवारी १८५१ च्या रात्री स्तेफानो पेल्लोनी या दरोडेखोराने आपल्या टोळीसह गावावर झडप घातली. गावातील प्रतिष्ठित मंडळी नाट्यगृहात जमली होती. तेथेच त्यांना ओलीस धरून घरोघर लूट करण्यात आली. आर्तुसींच्या घरावरही हा प्रसंग ओढवला. त्यांच्या एका बहिणीच्या मनावर त्या रात्रीचा इतका जबर आघात झाला की पुढे तिला वेड्यांच्या रुग्णालयात ठेवावे लागले. कुटुंबाने गाव सोडले व फ्लॉरेन्स शहरात बिऱ्हाड केले.

तेथे आर्तुसींनी रेशमाच्या व्यापारात आणि पेढीच्या व्यवसायात चांगला जम बसवला. पन्नाशीच्या सुमारास व्यवसायातून अंग काढून घेऊन ते वाचन-लेखनाकडे वळले. कवी उगो फोस्कोलो यांचे चरित्र आणि जुझेप्पे जुस्ती यांच्या पत्रांवरील टिपणे अशी दोन पुस्तके त्यांनी लिहिली. दोन्हींची विशेष कोणी दखल घेतली नाही. अविवाहित, संपन्न आणि साहित्यात अपयशी अशा या गृहस्थांनी उतारवयात जे तिसरे पुस्तक सिद्ध केले, त्याचा विषय होता स्वयंपाक.

प्रकाशक मिळेना. १८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या खर्चाने त्या पुस्तकाच्या एक हजार प्रती छापून घेतल्या. शास्त्र आणि कला ही दोन्ही बिरुदे स्वयंपाकाला देणाऱ्या या ग्रंथात ४७५ पाककृती होत्या. गावच्या एका धर्मादाय कार्यक्रमासाठी त्यांनी दोन प्रती पाठवल्या, तर ज्यांच्या वाट्याला त्या आल्या त्यांनी त्या तंबाखूच्या दुकानदाराला विकून टाकल्या. पहिली आवृत्ती खपायला चार वर्षे लागली. त्यानंतर मात्र चक्र फिरले. ३० मार्च १९११ रोजी नव्वदाव्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा पुस्तकाच्या आवृत्त्यांची संख्या पंधरावर गेली होती आणि पाककृती ७९० झाल्या होत्या.

ही वाढ कशी झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वेगवेगळ्या प्रांतांतील गृहिणी त्यांना पत्राने पाककृती कळवू लागल्या. फ्रान्चेस्को रुफिल्ली हा आचारी आणि मारिएत्ता साबातिनी ही घर सांभाळणारी बाई, या दोघांकडून आर्तुसी प्रत्येक कृती करवून घेत, प्रमाण तपासत आणि मगच ती लिहून काढत. जोडीला त्या पदार्थाची हकीगतही देत. १८५५ मध्ये लिव्होर्नो येथे भाज्यांचे दाट सार जेवल्यावर रात्रभर पोटात कालवले, त्याचा दोष त्यांनी साराला दिला आणि नंतर गावात पटकी पसरल्याची वार्ता त्यांच्या कानी आली, ही गोष्ट त्या साराच्या कृतीशेजारीच आली आहे.

१८६१ साली इटलीचे राजकीय एकीकरण झाले, तरी बहुसंख्य लोक आपापली बोलीच बोलत आणि खानदानी स्वयंपाकघरात फ्रेंच शब्दांचा सुळसुळाट होता. आर्तुसींनी ते शब्द शक्यतो वगळून साधी इटालियन भाषा योजली आणि इतर प्रांतीयांना न कळणाऱ्या तोस्कानी शब्दांचे अर्थ पुस्तकातच दिले. हे काम साधले ते टपाल, छापखाना आणि आगगाडी यांच्यामुळे. ज्याला आज आपण इटलीची पुरातन खाद्यपरंपरा समजतो, तिची घडण पुष्कळशी या अलीकडच्या काळातली आहे. त्यांच्या पुस्तकात नापोलीच्या नावाचा जो पिझ्झा आहे तो चक्क गोड आहे!

तथापि या वहीला मर्यादाही होत्या. ती मध्यमवर्गाची वही होती आणि उत्तर व मध्य इटलीकडे तिचे माप झुकलेले होते. त्याच काळात उत्तरेकडील शेतमजूर मुख्यतः मक्याच्या पिठल्यावर गुजराण करीत आणि एकसुरी आहारामुळे पेलाग्रा या रोगाला हजारोंनी बळी पडत. मिलानच्या केशरी भाताच्या कृती आर्तुसी देतात. पण त्या तांदळासाठी १८६६ मध्ये पो नदीच्या खोऱ्यात खुला झालेला काव्हूर कालवा, किंवा गुडघाभर पाण्यात वाकून भातखाचरांतील तण काढणाऱ्या बाया, यांना त्या ताटात स्थान नाही. प्रत्येक पदार्थामागे पाणी, जमीन आणि कोणाची तरी मजुरी असते. ती लिहिली नाही तर परंपरेचे श्रेय वाढणाऱ्याला मिळते, पिकवणाऱ्याला नाही.

आता आपल्याकडे वळू. कर्जतलाही भात आहे आणि कालवाही आहे. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याने शेतांत पोहोचते, म्हणूनच तालुक्याच्या काही भागांत उन्हाळी पीक निघते. येथील भात संशोधन केंद्र १९१९ पासून काम करीत आहे आणि तेथे निपजलेल्या वाणांना कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ अशी नावे मिळाली आहेत. म्हणजे बियाण्याची नोंद झाली. त्या तांदळाची उकड किती पाण्यात काढावी, कोणत्या भाताची भाकरी चिरत नाही, हे ज्ञान मात्र अद्याप बहुतांशी हातांतच आहे. थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, वालाच्या शेंगा भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करण्याची पोपटीची रीत रायगडकरांना ठाऊक आहे. शेवळाची खाज मोडण्यासाठी तिच्यात काकडाची फळे घालावी लागतात, हे ठाकूर-कातकरी बायांना ठाऊक आहे. बाजारात शेवळे आणि काकडे त्या शेजारीशेजारी मांडून बसतात ते यासाठीच.

हे ज्ञान ज्या आधारावर उभे आहे तो आधारच हलतो आहे. वरकस जमिनी विकल्या जात आहेत, माळांना कुंपणे पडत आहेत, आणि सुगी संपताच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जात असल्याने आजीकडून नातीकडे जाणारा वारसा अर्ध्यावर तुटतो. यात केवळ हळवेपणाचा प्रश्न नाही, रोकड अर्थकारण आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमधील उल्लेख पुराव्यादाखल उपयोगी पडला. सव्वाशे वर्षांहून जुन्या एका ओळीने आजच्या शेतकऱ्याच्या पदरात हक्क टाकला. ज्या पदार्थाची ओळ कोठेच लिहिलेली नाही, त्याच्या वतीने उद्या कोणता कागद पुढे करणार? बाहेरचा एखादा उद्योजक पोपटीला आकर्षक नाव देऊन विकू लागला, तर आपण केवळ गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहू.

हे काम शासनाच्या समितीची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हाती एकेक वही द्यावी. वाडी-पाड्यांतून जे शिजते त्याची कृती, हंगाम, लागणारी वस्तू कोणाच्या रानातून येते आणि ती गोळा करण्यास किती वेळ लागतो, हे सारे तिच्यात लिहिले जावे. कृती सांगणाऱ्या बाईची संमती असेल तर तिचे नाव प्रथम यावे. आर्तुसींनी जे गाळले ते आपण गाळण्याचे कारण नाही.

एका बाबतीत मात्र त्यांचे अनुकरण अवश्य करावे. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा जन्मगावाला दिला आणि पुस्तकाचे हक्क रुफिल्ली व मारिएत्ता या दोघांच्या नावे केले. पुस्तकावर नाव मालकाचे होते. पण त्यातील कृती ज्यांनी चुलीपुढे उभे राहून सिद्ध केल्या, उत्पन्न त्यांच्याकडे जावे ही व्यवस्था त्यांनी करून ठेवली. कर्जत-खालापुरात पर्यटनाचा पैसा येतो आहे आणि येत राहील. त्यातील किती शेवळे विकणारीच्या ओच्यात पडतो, यावरूनच आपण आपली परंपरा जपली की नुसती विकली, हे ठरेल.