चिमाजी अप्पा
चिमाजी बल्लाळ भट ऊर्फ चिमाजी अप्पा (मृत्यू : १७ डिसेंबर १७४०) हे पहिले बाजीराव पेशवे यांचे धाकटे बंधू व मराठा सेनानी होते. १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्यांच्या मोहिमेत १७३७ साली ठाण्याचा कोट व साष्टी बेटाचा बहुतेक भाग मराठ्यांच्या हाती आला. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही उपनगरे याच बेटावर आहेत. वसईचा लढा मात्र दोन वर्षे चालला. तटाखाली सुरुंग उडवूनही अनेक हल्ले फसले, हजारो माणसे पडली. अखेर मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले. एवढ्या हानीनंतरही अप्पांनी त्यांना कुटुंबांसह सन्मानाने जाऊ दिले, हे विशेष. बाजीरावांच्या पाठोपाठ आठच महिन्यांत त्यांचे निधन झाले. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ हे त्यांचे पुत्र.