लोकमान्यांचा मधुमेह

राहात्यात, उसाच्या मुलखात राहून मी रोज सकाळी पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतो. बँकेतल्या खुर्चीची ही कमाई! सुई हातात घेतली की लोकमान्य आठवतात.

१९०८ साली त्यांना ६ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ते ५२ व्या वर्षात होते आणि मधुमेह आधीच जडला होता. स्वादुपिंडातले संप्रेरक रक्तातून पेशींना निरोप देते, साखर आत घ्या म्हणून. तो निरोप पोचेनासा झाला की रक्तात साखर साचते आणि शरीर उपाशी राहते. त्यावर तेव्हा औषध नव्हते. मंडालेच्या तुरुंगात पथ्य हाच आधार. अशा देहाने त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' शिसपेन्सिलीने लिहून काढले. १९१२ मध्ये पत्नी गेल्याचे तिथेच कळले. १९१४ ला सुटले, ते पुन्हा सभा, दौरे, विलायत.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात ते गेले. निमित्त तापाचे. इन्सुलिनने ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस कॅनडात बँटिंग नावाच्या डॉक्टरला मध्यरात्री इन्सुलिनची वाट सुचली. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली गेली.