श्रीमंत सयाजीराव आणि बडोद्याचे पाणी

सुरतेनजीक कडोदऱ्यास माझी भाची राहते. परवा तिच्याकडे गेलो, तेव्हा घरात वाद चालला होता. नदीचे पाणी नळाने येणार अशी त्यांना आशा आहे. मग बोअर ठेवावी की बुजवावी? शेजारचे पलसाणे एके काळी गायकवाडी नवसारी प्रांतात होते. साहजिकच मला श्रीमंत सयाजीराव महाराजांची आठवण झाली.

महाराजांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी, शेतकरी कुटुंबात झाला. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. 1881 च्या अखेरीस राज्यकारभार त्यांच्या हाती आला. विहीर आटली की गावाचे काय होते, हे त्यांनी बालपणी पाहिले असणारच.

त्या काळी बडोदे आड, वाव आणि तलाव यांवर जगत असे. महाराजांनी शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, आजव्यास, सूर्या नदी अडविण्याचे ठरविले. 1885 मध्ये काम सुरू झाले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस होते. जगन्नाथ सदाशिवजी या एतद्देशीय इंजिनिअरांनी योजना आखली. सुमारे पाच किलोमीटर लांबीचा मातीचा बंधारा उभा राहिला, आणि 1892 मध्ये तलावाचे पाणी उताराने वाहत शहरात आले.

आमच्या पणजीबाई नळाचे पाणी धुण्याभांड्यास घेत. देवपूजेला मात्र आडाचेच लागे. पुढे सुनांना नळच सोयीचा वाटला. उपसा थांबला, पाण्याला वास येऊ लागला, आणि वडिलांनी वाड्यातला आड बुजविला. मातीच्या चार टोपल्या मीही टाकल्या होत्या. त्याची खंत आज वाटते.

6 फेब्रुवारी 1939 रोजी महाराज निवर्तले. पुढे शहर इतके वाढले की आजव्याचे पाणी पुरेना. तेव्हा महीच्या पात्रात खोल विहिरी घेऊन, वाळूतून झिरपलेले पाणी आणावे लागले. नळाच्या शहराला पुन्हा विहिरींचाच आधार घ्यावा लागला!

म्हणून भाचीला म्हटले, नळ अवश्य घ्या. महाराजांनीही तेच केले. पण बोअर बुजवू नका. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडा. आमचा आड गेला, तुमची बोअर तरी राहू दे.