हेन्री फाउलर : जेरंड फ्रेजसाठी वाद घालणारा शिक्षक



जेरंड फ्रेज शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. ‘हिज कमिंग लेट’ बरोबर की ‘हिम कमिंग लेट’? या एका मुद्द्यावर तब्बल वीस वर्षं ठाम राहिलेल्या हेन्री वॉटसन फाउलर यांची आज ओळख करून घेऊ.

आधी थोडी उजळणी. क्रियापदाला आयएनजी लागून ते नामाचं काम करू लागलं की त्याला जेरंड म्हणतात. त्याच्याबरोबरचे शब्द धरले की झाली जेरंड फ्रेज. ‘रीडिंग ओल्ड लेटर्स टेक्स टाइम’ या वाक्यात पहिले तीन शब्द मिळून कर्ता आहेत. ‘शी एन्जॉइज रीडिंग ओल्ड लेटर्स’ यात तेच तीन शब्द कर्म झाले. पण ती क्रिया करणारा कोण, हे फ्रेजमध्येच सांगायचं असेल तर? खरी अडचण तिथे येते.

फाउलर यांचा जन्म १८५८ साली इंग्लंडमधल्या टनब्रिज गावी झाला. आठ भावंडांत ते थोरले. ऑक्सफर्डला शिकून ते शिक्षक झाले आणि सेडबर्गच्या शाळेत त्यांनी सतरा वर्षं शिकवलं. तिथे हाऊसमास्टर व्हायचं तर मुलांची धर्मदीक्षेची तयारी करून घ्यावी लागे. फाउलर यांची धर्मावर श्रद्धा नव्हती. जे आपल्याला पटत नाही ते मुलांना कसं शिकवायचं? त्यांनी बढती नाकारली आणि १८९९ मध्ये शाळाही सोडली.

काही वर्षं लंडनमध्ये लेखन करून १९०३ मध्ये ते गर्नझी बेटावर धाकटा भाऊ फ्रँक याच्याकडे गेले. फ्रँक तिथे टोमॅटो पिकवायचा. दोघा भावांनी मिळून १९०६ मध्ये ‘द किंग्ज इंग्लिश’ हे पुस्तक काढलं आणि १९११ मध्ये ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ शब्दकोश पूर्ण केला. पुढचं मोठं पुस्तकही दोघांनी मिळूनच लिहायचं ठरलं होतं.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. सत्तावन्न वर्षांच्या फाउलरनी वय चव्वेचाळीस सांगून सैन्यात नाव घातलं! फ्रँकही गेला. पण १९१८ मध्ये क्षयाने फ्रँकचा मृत्यू झाला. उरलेलं काम थोरल्याने एकट्याने केलं आणि १९२६ मध्ये ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ प्रसिद्ध झालं. ते त्यांनी फ्रँकलाच अर्पण केलं.

या पुस्तकातही जेरंडचा मुद्दा होता. फाउलर यांचं म्हणणं सरळ होतं. ‘कमिंग’ हे नाम असेल तर त्याआधी ‘हिज’ हवं. ‘हिम कमिंग’ म्हटलं तर आपली तक्रार माणसाबद्दल आहे की येण्याबद्दल, हेच कळत नाही. अशा रचनेला त्यांनी ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असं नाव दिलं.

मराठीत हा गोंधळ सहसा होत नाही, कारण आपल्याकडे दोन वेगळी रूपं आहेत. ‘मी त्याला येताना पाहिलं’ यात पार्टिसिपल आहे, आणि ‘त्याचं उशिरा येणं मला आवडत नाही’ यात जेरंड. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे एकच ‘कमिंग’.

डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांना फाउलर यांचं म्हणणं पटलं नाही. चांगल्या लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही रचना वापरली आहे, हे त्यांनी उदाहरणांनिशी दाखवलं. १९२७ मध्ये फाउलरनी उत्तर दिलं, पण माघार घेतली नाही. १९३३ मध्ये ते वारले.

मग जिंकलं कोण? रोजच्या बोलण्यात येस्पर्सन. ‘आय डोन्ट माइंड हिम कमिंग लेट’ आज सगळीकडे चालतं. ‘देअर इज अ चान्स ऑफ द ट्रेन बीइंग लेट’ इथे तर ‘ट्रेन’ला अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस लावला की कानाला खटकतं. मात्र वाक्याची सुरुवातच जेरंड फ्रेजने होत असेल, तर ‘हिज कमिंग लेट अपसेट अस’ हेच नीट वाटतं. परीक्षेत आणि औपचारिक पत्रात सर्वनाम आलं, की माय, युअर, हिज, हर, देअर ही रूपं वापरा. तिथे फाउलर अजून उपयोगी पडतात.

नियम पूर्ण टिकला नाही, पण त्यामागचा प्रश्न टिकला: वाक्य माणसाबद्दल आहे की त्याच्या कृतीबद्दल? लिहिताना एवढं स्वतःला विचारलंत तरी निम्म्या चुका टळतील.

आता वहीत ‘तिचं गाणं’, ‘तुमचं मदत करणं’ आणि ‘त्यांचं लवकर निघणं’ यांच्या जेरंड फ्रेज करा, आणि प्रत्येकीचं एक पूर्ण वाक्य लिहा.