आगरकरांचा हॅम्लेट

शेक्सपिअरला जाऊन चारशे वर्षे उलटून गेली. त्याचे गाव इंग्लंडात, त्याचे राजे डेन्मार्क-स्कॉटलंडचे, आणि भाषा अशी की आजचा इंग्रजही टिपा पाहिल्यावाचून ती धड वाचू शकत नाही. असे असूनही आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद-दारव्ह्याकडच्या एखाद्या गावात, इंग्रजीशी कधी संबंध न आलेला म्हातारा 'नटसम्राट'मधल्या गणपतराव बेलवलकरासाठी डोळे पुसतो. त्या बेलवलकराच्या पाठीमागे किंग लिअर उभा आहे, हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. जमीन मुलांच्या नावे करून दिल्यावर घरातली आपली खाट ओसरीवर आलेली पाहणारे बाप मी बँकेच्या नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांना लिअर समजावून सांगावा लागत नाही.

पण हा परका माणूस आपल्या घरात आला कसा? त्याला आत आणणाऱ्यांमध्ये एक नाव असे आहे की, ते घेताच आपल्याला समाजसुधारणा आठवते, नाटक आठवत नाही. ते नाव गोपाळ गणेश आगरकर यांचे. त्यांच्या नाट्यप्रेमाचे एक मूळ आमच्या वऱ्हाडात आहे, म्हणून मला ते अधिक जवळचे वाटते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यातला. घरी दारिद्र्य होते. शिक्षणासाठी कधी कचेरीत उमेदवारी, कधी दवाखान्यात कंपाउंडरी असे करत हा मुलगा नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला आला. त्या काळी यवतमाळ नावाचा जिल्हा नव्हता. आमच्या भागाला वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळाले. अकोल्याच्या हायस्कुलात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक भेटले. हे महाजनी शेक्सपिअरचे मोठे भोक्ते. पुढे १८७९ मध्ये त्यांनी 'सिंबेलाइन'वरून 'तारा' हे नाटक लिहिले. त्याचा बडोद्यात झालेला प्रयोग पाहून तिथल्या एका इंग्रज प्राध्यापकाने त्यावर विलायतेतल्या मासिकात लेख लिहिला. 'विंटर्स टेल'वरून महाजनींनी 'मोहविलसित' लिहिले. १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. नाव विसरले गेले, तरी काम उरले अशा माणसांपैकी ते एक.

अकोल्यात आगरकर 'वऱ्हाड समाचारा'त लिहू लागले. १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तिथले त्यांचे हाल सर्वश्रुत आहेत. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी समोर असताना, आपण फक्त पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवणार, असे त्यांनी आईला पत्राने कळवले. त्या माऊलीने मुलाच्या पगाराकडे डोळे लावून किती वर्षे काढली असतील, याचा विचार केला म्हणजे त्या पत्राची किंमत कळते.

चिपळूणकर आणि टिळक यांच्याबरोबर आगरकर न्यू इंग्लिश स्कूलच्या कामाला लागले. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. लवकरच कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तिथले तरुण छत्रपती, चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवण्यात आले होते आणि त्यांचा छळ होत असल्याची बोलवा होती. 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कोरडे ओढले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर विसंबून हा मजकूर छापला होता, ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सुटका १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला झाली.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघे तरुण एकाच कोठडीत होते. पुढे देशाचे राजकारण आधी की समाजाची सुधारणा आधी, या वादावरून ज्यांची फारकत व्हायची होती, ते दोघे तिथे रात्र रात्र बोलत बसत. याच कैदेत आगरकरांनी 'हॅम्लेट'चे मराठी भाषांतर हाती घेतले. १८८३ साली ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. शेक्सपिअरची सदतीस-अडतीस नाटके असताना या माणसाच्या हाती 'हॅम्लेट'च यावे, याचे मला फार नवल वाटते. वेडा ठरवलेल्या एका राजाची बाजू घेतली म्हणून तो तुरुंगात होता, आणि भाषांतर करत होता ते वेडाचे सोंग घेतलेल्या राजपुत्राच्या कथेचे. खोट्या कागदांवर विश्वास ठेवल्याची शिक्षा तो भोगत होता. हॅम्लेट तर बापाच्या भुताच्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही. खून झाला हे भुताने सांगितले तरी तो नाटकाचा खेळ लावतो, चुलत्याचा चेहरा न्याहाळतो आणि पुरावा पारखून घेतो. आपण हॅम्लेटच्या दिरंगाईला नावे ठेवतो. पण डोंगरीच्या कोठडीत बसलेल्या संपादकाला त्या दिरंगाईतले शहाणपण आपल्यापेक्षा अधिक उमगले असेल, असे मला वाटते. १८८३ च्या डिसेंबरात चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला वारले. भाषांतर छापून झाले आणि ज्यांच्यासाठी कैद सोसली ते गेले, हे दोन्ही एकाच वर्षात घडले.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. विधवेने पुन्हा लग्न करावे, तिचे केशवपन थांबावे, यासाठी आगरकरांनी आपली लेखणी झिजवली. आणि हॅम्लेटचे मुख्य दुःख काय, तर विधवा आईने दिराशी लग्न लावले हे! सुधारकाने असे नाटक मराठीत का आणावे? मला वाटते, आगरकर नाटकातून उपदेश काढू पाहत नव्हते. बुद्धीवर अढळ विश्वास असलेल्या या माणसाने नाटकाला नाव मात्र विकारांचे दिले. माणसे बुद्धीने चालावीत यासाठी ज्याला झगडायचे आहे, त्याने ती प्रत्यक्षात कशाने चालतात हे आधी नीट पाहिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. शिवाय आपल्याकडे अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची चाल होती, तोही पुष्कळदा दिराशी. त्या प्रेक्षकाला राणीचे दुसरे लग्न खुपत नसणार, त्याला खुपेल तो खून. एकाच नाटकात सदाशिव पेठेने एक पाप पाहावे आणि वऱ्हाडातल्या कुणब्याने दुसरे, ही सोय शेक्सपिअरने ठेवली आहे. तो टिकला याचे एक कारण मला येथे सापडते.

दुसरे कारण म्हणजे नट. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी आगरकरांच्या हॅम्लेटला, म्हणजे चंद्रसेनाला, रंगभूमीवर उभे केले आणि ती भूमिका त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. आगरकरांचे सहकारी वासुदेवराव केळकर यांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून केलेली 'त्राटिका', देवलांचा 'झुंझारराव' ही 'ऑथेल्लो'ची मराठी वेषातली कथा, शि. म. परांजपे यांचा 'मॅक्बेथ'वरचा 'मानाजीराव', ही सगळी त्याच दोन दशकांतली. प्राध्यापकांनी लिहावे आणि नटांनी ते लोकांपर्यंत न्यावे, असा तो जमाना होता. १९७० साली शिरवाडकरांनी आपल्या म्हाताऱ्या नटाचे नाव गणपतरावच ठेवले. ते सहज सुचले असेल असे मला वाटत नाही.

आगरकरांना मात्र नाटकासाठी पुढे फारशी सवड मिळाली नाही. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. उशाशी पैशांची एक पुडी सापडली. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यांनी ती बांधून ठेवली होती. एकच सदरा असलेल्या विद्यार्थ्याने शेवटपर्यंत हिशेब चोख ठेवला.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी बोलावलेल्या एका इंग्रजी लेखिकेचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले आणि त्यावरून देशभर वादळ उठले. अखेर आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या विधवेने, 'तेरवं' या नाटकात स्वतः भूमिका करणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या बाईने, उद्घाटन केले. निमंत्रण मागे घेणे आगरकरांना कदापि रुचले नसते. पण ती विधवा व्यासपीठावर उभी राहून चार हजार पुस्तकांच्या पंडितांना सुनावते आहे, हे पाहून त्यांना आपली लेखणी वाया गेली नाही, असे वाटले असते. नवऱ्यामागे जगणाऱ्या बाईचे दुःख, बापाची जमीन, भावाचा लोभ, खऱ्याखोट्याची शंका, हे विषय आमच्या जिल्ह्यात अजून संपलेले नाहीत. ते आहेत तोवर शेक्सपिअरला येथे पाहुण्यासारखे अवघडून बसावे लागणार नाही. अकोल्याच्या एका गुरुजींनी आणि त्यांच्या एका गरीब विद्यार्थ्याने त्याच्यासाठी घरातली जागा दीडशे वर्षांमागेच करून ठेवली आहे.